स्वयंपाकघरातलं विज्ञान : मोदकाच्या पारीला चिरा का जातात?

रत्नागिरीत पाहुण्यांसाठी मोदकांचा बेत ठरला की सगळं लक्ष उकडीकडे असतं. आंबेमोहोराच्या पिठाची पारी पातळ होते, कळ्या सुबक पडतात. मधुमेही पाहुण्यासाठी तीच पारी बदामाच्या पिठाची करायला घेतली, की तिला चिरा जातात. असं का?

तांदळाच्या पिठात तीन चतुर्थांशाच्या आसपास स्टार्च असतो. थंड पाण्यात त्याचे सूक्ष्म कण जसेच्या तसे राहतात. तापमान ७० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की ते पाणी शोषून फुगतात. त्यांतल्या लांबलचक साखळ्या मोकळ्या होऊन मासेमारीच्या जाळ्यासारख्या एकमेकींत गुंततात आणि पाणी धरून ठेवतात. म्हणून उकड लवचीक होते. गार होताना या साखळ्या पुन्हा घट्ट बिलगतात, त्यामुळे उकड गरम असतानाच मळायची.

बदामात मुख्यतः स्निग्धांश आणि प्रथिनं, स्टार्च अगदी थोडा. मग पीठ धरून ठेवणार कोण? बदामाऐवजी नाचणी घेतली तर पारी वळते, पण तिच्यातही स्टार्च भरपूर आहे. ती पौष्टिक आहे, कमी कर्बोदकांची नव्हे.

बदामाच्या पिठासाठी इसबगोल कामी येतो. त्याच्या भुशीतले तंतू पाण्यात फुगून चिकट, लवचीक होतात आणि पीठ बांधतात. हे तंतू पचून साखर बनत नाहीत. बदामाच्या पिठात थोडा इसबगोल आणि गरम पाणी घालून गोळा काही वेळ झाकून ठेवावा. पारी थोडी जाडच राहील.

सारणातल्या गुळाने मात्र रक्तातली साखर वाढतेच. पारी बदलताना गूळही कमी करायला हवा.