‘पुट अप’ म्हणजे काय?

सरकारी कचेरीत ज्यांची हयात गेली, त्यांना ‘पुट अप’ हे शब्द नवे नाहीत. साहेब कागदावर ‘प्लीज पुट अप’ असा शेरा मारतात आणि आम्ही कारकून मंडळी टिपणी लावून फाईल वर धाडतो. आमच्या लेखी पुट अप म्हणजे सादर करणे. पण हा खास आपल्याकडील कचेऱ्यांतला वापर. लंडनच्या माणसाला ‘फाईल पुट अप करा’ म्हटले, तर ती भिंतीवर टांगायची की फळीवर ठेवायची, असा त्याला प्रश्न पडेल!

त्याच्या भाषेत नोटीस लावणे, तंबू ठोकणे, इमारत बांधणे, छत्री उघडणे, हात वर करणे, भाडे वाढवणे, निवडणुकीत उमेदवार उभा करणे, या साऱ्याला पुट अपच म्हणतात. यात काहीतरी वर जाते, म्हणून ध्यानात राहते. पण पाहुण्याला रात्रीपुरते घरी ठेवून घेणे किंवा धंद्यात पैसे घालणे, हेही पुट अप. ते पाठच करावे लागते. मुलाखतीत ‘व्हेअर आर यू पुट अप?’ असे कोणी विचारले, तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘कुठे राहता?’ एवढाच.

खरी फसगत पुढच्या शब्दाने होते. ‘विथ’ जोडला की अर्थ सहन करणे. ‘वुई विल नॉट पुट अप विथ इन्सल्ट’ म्हणजे ‘अपमान आम्ही सहन करणार नाही’. कचेरीचा अर्थ धरून कोणी ‘आम्ही अपमान मांडणार नाही’ असे भाषांतर केले, तर तक्रार करणारा गप्प बसल्यासारखे होईल! परीक्षेत गुण जातील ते वेगळेच. अर्जात असे वाक्य चुकले, तर नुकसान त्याहून मोठे.

‘टू’ जोडला की आणखी तिसरेच. एखाद्याला ‘पुट अप टू’ करणे म्हणजे फूस लावणे.

मुले कंटाळली की आम्ही त्यांना आपले ‘लावणे’ आठवायला सांगतो. दिवा लावतो, झाड लावतो, वेळ लावतो, कामाला लावतो आणि फूसही लावतो. ते कोणी पाठ केले होते?

एक नियम मात्र वहीत लिहून घ्यावा. नोटीसऐवजी ‘इट’ वापरला, तर तो मध्ये येतो : ‘पुट इट अप’. सहन करण्याच्या अर्थी तो शेवटीच : ‘पुट अप विथ इट’. शब्दकोशात हे सारे ‘पुट’खाली सापडते, ‘अप’खाली शोधू नये.