प्रतिकारशक्तीचा मुक्काम

सन १८८५ मध्ये बोर्दोच्या मिलार्दे यांनी मोरचूद व चुना यांच्या मिश्रणाचा गुण जगापुढे मांडला, तेव्हापासून सुमारे आठ दशके, बुरशीनाशक एकदा लागू पडले म्हणजे कायमचे लागू पडले, असा बागाईतदारांचा सर्वसाधारण समज होता. आणि तांबे बुरशीच्या पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करीत असल्यामुळे तो समज फारसा खोटाही ठरला नाही. १९७० च्या सुमारास प्रचारात आलेली बेनोमिलसारखी आंतरप्रवाही औषधे मात्र पेशीविभाजनातील एकाच प्रथिनाला धरून काम करणारी होती. त्या प्रथिनाच्या १९८ व्या स्थानावरील एक अमिनो आम्ल बदलले, की त्यांचा अंमल संपुष्टात येई.

उत्तर ग्रीसमध्ये १९७२ साली याचा दाखला मिळाला. भुईमुगाच्या टिक्क्याशी नाते सांगणारी बुरशी तेथील साखर-बीटच्या पानांवर मध्ये राखी व कडेला जांभळट-तांबडे असे बारीक गोल ठिपके पाडते. त्या वर्षी या औषधांच्या फवारण्या यथासांग होऊनही हे ठिपके एकमेकांत मिसळत गेले व पाने वाळली. जॉर्गोपुलोस व डोवास यांनी प्रतिकारक वाणांचा हा उपद्रव १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. औषध बंद केल्यावर हे वाण आपोआप मागे हटतील, ही अपेक्षा स्वाभाविक होती, परंतु ते हटले नाहीत. कारण या बदलापायी बुरशीला आपल्या जीवनव्यवहारात जवळजवळ काहीच गमवावे लागत नव्हते.

फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतील करडी बुरशी मला याहून अधिक बोधप्रद वाटते, कारण तिथे प्रतिकारक वाण टिकून राहणे व मागे हटणे हे दोन्ही प्रकार एकाच बुरशीत दिसले. बेनोमिलच्या गटाला दाद न देणारे वाण तिथेही ठाण मांडून राहिले. उलट इप्रोडिओन या दुसऱ्या बुरशीनाशकाच्या गटाला जुमानीनासे झालेले वाण सुगीपर्यंत वाढत आणि हिवाळा सरून वसंत येईतो पुष्कळ घटत, म्हणून मोजक्या फवारण्यांवर त्या औषधाचा काही उपयोग टिकून राहिला. पुढे १९८७ च्या सुमारास, बेनोमिल-प्रतिकारक वाणांनाच नेमके मारणारे डायथोफेनकार्ब आले, तेव्हा पेच सुटला असे अनेकांना वाटले. परंतु थोड्याच वर्षांत, त्याच १९८ व्या स्थानी निराळे अमिनो आम्ल धारण केलेले आणि दोन्ही औषधांना पुरून उरणारे वाण त्याच मळ्यांतून हाती येऊ लागले.