रान किती खोल?

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे परीक्षा, निकाल आणि पदवीदानाचा झगा येतो. शेताच्या बांधाशी त्याचा काय संबंध, असे कुणी विचारले तर मी रब्बी ज्वारीकडे बोट दाखवीन.

सोलापूर-अहिल्यानगरकडची ही ज्वारी बहुतेक जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढते. जमीन म्हणजे एक रांजणच समजा. भारी काळ्या रानाचा रांजण खोल, मुरमाड रानाचा उथळ. मग एकच बियाणे दोन्हीकडे कसे चालावे? आपली मालदांडी ३५-१ ही मोहोळ येथे गावरान मालदांडीतूनच निवडलेली. भाकरीला गोड, कडब्यालाही चांगली. पण अगदी हलक्या रानात दाणा भरायच्या ऐन वेळी ओल संपते आणि कणीस पोचट राहते. शेतकरी म्हणतो, यंदा नशीब नव्हते. नशीब कसले, माती वीतभर होती!

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. तेथील शास्त्रज्ञांनी जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण निवडून दिले. माती ३० सेंटिमीटरपर्यंत असेल तर ‘फुले अनुराधा’. ही लवकर निघते, ओल आटण्याआधी दाणा पदरात पडतो. ३० ते ६० सेंटिमीटरपर्यंत ‘फुले सुचित्रा’. त्याहून खोल रानात ‘फुले वसुधा’. हिला दिवस जास्त लागतात, पण तेवढी ओल तिथे असते. पेरा १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान करावा.

इथवर विद्यापीठाचे काम झाले. पुढे मात्र गाडी अडते. दुकानात आपण विचारतो, “कुठले बी चांगले?” दुकानदार पिशवी काढून देतो. आपले रान किती खोल, हे तो विचारीत नाही, आपणही सांगत नाही. तसेच, एखाद्या वाणाची भाकरी आवडली नाही, कडबा जनावराने टाकला, तर ते आपण पारावर बोलतो. विद्यापीठाला कळवीत नाही. मग त्यांना ते कळावे कसे?

गुरुजी, यात आपण पुष्कळ करू शकाल. वर्गातली फूटपट्टी ३० सेंटिमीटरचीच असते. पोळ्याच्या सुमारास माती ओली असताना, मालकाला विचारून, मुलांकडून प्रत्येक रानात दोन-तीन जागी खड्डा घ्यावा. मुरूम लागेपर्यंत पट्टी किती वेळा बसली ते मोजावे आणि गावच्या नकाशावर गट नंबरापुढे आकडा लिहावा. तो नकाशा पेऱ्याआधी चावडीत लावला, म्हणजे ज्याला बियाणे आणायचे आहे तो वाचून जाईल.