पोटशाखेचे विमान

मोठी विमान कंपनी सोलापूरसारख्या गावात स्वतःचे विमान सहसा आणत नाही. एकशेऐंशी खुर्च्यांतल्या निम्म्या रिकाम्या नेणे कुणाला परवडणार? त्यावर जगाने एक तोड काढली आहे. सत्तर-पंचाहत्तर खुर्च्यांचे विमान, वैमानिक आणि देखभाल लहान कंपनीची. विमानावरचे नाव, रंग आणि तिकिटावरचा क्रमांक मोठीचा. याला फ्रँचायझी म्हणतात. अमेरिकेत तर स्कायवेस्ट ही एकच कंपनी युनायटेड, डेल्टा अशा एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांसाठी उड्डाणे करते. एक सून चार सासवांना सांभाळते म्हणा ना!

आम्हा बँकवाल्यांना हे नवे वाटू नये. 1975 पासून ग्रामीण बँका निघाल्या, त्या प्रत्येकीमागे एक मोठी प्रायोजक बँक होती. लहान सहकारी बँकेत भरलेला परगावचा चेकही मोठ्या बँकेमार्फत वटायचा. गिऱ्हाइकाला मधल्या भानगडीशी देणेघेणे नसे.

विमानातही तेच. सोलापूरहून मुंबईमार्गे लेकीकडे लंडनला निघालेल्या आजींचे तिकीट एकच असेल, तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यावर पुढची सोय करणे कंपनीवर येते. तिकिटे दोन असली, की पुढचे विमान चुकणे हे आजींचे नशीब! आणि हिशेबातली खरी गोम पुढे आहे. सोलापूर-मुंबई फेरीच्या खात्यावर आजींचे भाडे चिमूटभर दिसते. पण त्यांच्यामुळे लंडनच्या विमानातली एक खुर्ची भरली, ती कमाई दुसऱ्याच खात्यावर चढते. तालुक्याची शाखा कागदावर तोट्यात दिसायची आणि तिच्याच ठेवींवर मुख्य कचेरी शहरात कर्जे वाटायची, त्यातलाच प्रकार. नुसता शाखेचा ताळेबंद पाहणाऱ्या साहेबाने अशा किती शाखांना टाळे लावले असते!

आपल्याकडे इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांनी मिळून 1981 साली वायुदूत काढली. एकोणीस खुर्च्यांची डॉर्नियर विमाने घेऊन ती आडगावी जाई. तोटा वाढत गेला आणि 1993 साली ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. 1996 साली अलायन्स एअर आली. कोल्हापूर, नाशिकसारख्या शहरांतून तिची विमाने एअर इंडियाच्या क्रमांकाने उडत. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स सरकारकडेच राहिली आणि एप्रिलमध्ये तो सामाईक क्रमांकही सुटला. वाटण्या झाल्यावर धाकट्या घराचे जे होते, ते झाले.

सोलापूरने विमानासाठी मोजलेली किंमत लहान नाही. जून 2023 मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे नव्वद मीटर उंच चिमणी पाडली गेली. कारखान्यावर अवलंबून असलेल्या सभासदांच्या विरोधाची धार मी गावात राहून पाहिली आहे. पुढे 9 जून 2025 रोजी फ्लाय 91चे गोव्याचे विमान सुरू झाले, 15 ऑक्टोबरला स्टार एअरचे मुंबईचे.

‘उडान’ योजनेत खर्च आणि भाडे यांतली तूट भरून देण्याची मुदत तीन वर्षांची असते. पैसे देणाऱ्या सरकारने त्या मुदतीत एक अट घालायला हवी, असे माझे मत आहे. अनुदानावर उडणाऱ्या लहान कंपनीने मुंबईहून पुढे जाणाऱ्या निदान एका मोठ्या कंपनीशी एकाच तिकिटाचा करार करावा, आणि सोलापूरच्या प्रवाशाची बॅग होटगी रस्त्यावरच थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत घ्यावी.