करवंटीतला खरवस

नारळ फोडायला किती जोर लागतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. बाहेर शेंडी, मग टणक करवंटी, आत खोबरं आणि त्याच्याही आत पाणी. आपलं डोकंही थोडंफार असंच आहे. बाहेर केस, त्याखाली कातडी, मग कवटीचं टणक हाड. फरक आहे तो आतल्या ऐवजात. नारळात घट्ट खोबरं असतं, तर आपल्या कवटीत असतो खरवसासारखा मऊ, लिबलिबीत मेंदू! मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम भरतो. आणि तुमचा? सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्यांच्या मेंदूच्या जवळजवळ ९० टक्के झालेला असतो. तेव्हा 'लहान मुलांना काय कळतंय' असं कोणी म्हणालं, तर हा आकडा खुशाल सांगा. (सांगताना जरा अदबीनं, बरं का!)

मेंदूभोवती तीन पडदे असतात आणि पाण्यासारखा पातळ द्रव असतो. त्या द्रवात मेंदू जणू तरंगत असतो, म्हणून रोजच्या उड्या आणि हिसके तो मजेत सोसतो. पण समजा, भरधाव सायकलवरून आपण आपटलो. डोकं जमिनीवर आदळून थांबतं, आतला मेंदू मात्र पुढे जातच राहतो आणि कवटीच्या आतल्या बाजूवर आदळतो. एस.टी.च्या ड्रायव्हरकाकांनी करकचून ब्रेक लावला, की उभे असलेले लोक कसे पुढे फेकले जातात? अगदी तसंच. कधीकधी आतली एखादी रक्तवाहिनी फुटते. गुडघा फुटला तर रक्त बाहेर वाहून जातं. कवटीतल्या रक्ताला बाहेर पडायला वाटच नसते. ते तिथंच साठतं आणि मेंदूला दाबू लागतं. बाहेरून दिसतं नुसतं टेंगूळ. कधी तर तेही दिसत नाही.

त्यातून लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं. तान्ह्या बाळाची जेवढी लांबी, तिचा जवळजवळ पाव भाग नुसतं डोकं असतं. मोठ्या माणसाचं डोकं त्याच्या उंचीच्या आठव्या भागाइतकं. म्हणून घरातलं छोटं पिल्लू खिडकीतून वाकलं, की डोक्याकडूनच कलंडतं. त्याचा तोलच तिकडे असतो ना!

दोन सायकलवाली मुलं

आता एक जुनी हकीकत सांगते. १९३५ सालच्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स नावाचा एक गृहस्थ मोटारसायकलवरून चालला होता. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगभर गाजलेला हा माणूस. रस्त्यात अचानक सायकलवरची दोन मुलं समोर आली. त्यांना वाचवायला त्यानं गाडी वळवली आणि तो स्वतः फेकला गेला. डोक्यावर काहीच नव्हतं. सहा दिवसांनी, १९ मे रोजी तो वारला. वय अवघं ४६.

त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्याचे निरोप पोहोचवणारे मोटारसायकलस्वार अपघातात मरू लागले. डोक्यावर टोप असलेल्यांचं काय होतं आणि नसलेल्यांचं काय, ते केर्न्स यांनी नीट तपासलं आणि १९४१ साली छापून जगापुढे मांडलं. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यानं आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. साध्या नागरिकांसाठी तसा कायदा व्हायला मात्र १९७३ साल उजाडलं. शहाणपण सावकाशच येतं, दुसरं काय!

हेल्मेट करतं तरी काय? क्रिकेटचा वेगवान झेल घेताना तुम्ही हात मागे घेता. का? चेंडू एकदम न थांबता थोडा सावकाश थांबावा म्हणून. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जो जाड थर असतो, तो दणका बसला की स्वतः चेपतो आणि डोक्याला थांबायला क्षणभर जास्त वेळ देतो. तो क्षणच मेंदूला वाचवतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. त्यातला थर चेपून कामाला आलेला असतो.

आपल्याकडे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार चार वर्षांवरच्या मुलांनाही दुचाकीवर हेल्मेट हवं. (पगडी बांधणाऱ्या शिखांना यातून सूट आहे.) चार वर्षांखालच्या बाळांसाठीचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. बाळाला हेल्मेट, चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. कागदावर सगळं चोख आहे. पण शाळा सुटताना फाटकाशी उभं राहून पाहा! बाबांच्या डोक्यावर हेल्मेट, पुढे टाकीवर बसलेल्या चिंगीच्या डोक्यावर फक्त रिबीन. विचारलं तर म्हणतात, "बाई, घर इथंच तर आहे." पालकहो, रागावू नका, पण डांबरी रस्ता घराजवळ मऊ होतो, असं मी अजून कुठं वाचलेलं नाही.

हेल्मेट मापाचं हवं. दादाचं धाकट्याला चालत नाही. भुवईच्या वर दोन बोटं जागा सोडून ते बसावं, डोकं हलवलं तरी डुगडुगू नये आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला असावा. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पडताना आपल्याआधीच उडून जातं.

गच्ची, झाड, खिडकी

डोक्याला मार फक्त रस्त्यावरच बसतो असं नाही. कठडा नसलेली गच्ची, पत्र्याचं छप्पर, माळा, जिना, विहिरीचा काठ, ट्रॅक्टरची ट्रॉली... यादी करायला बसलो तर पान पुरायचं नाही. पतंग उडवताना नजर वर असते आणि पाय मागे मागे जात असतात. म्हणून संक्रांतीला पतंग मैदानात. शेवग्याच्या आणि जांभळाच्या झाडावर चढू नका, असं आजी का सांगते? त्यांच्या फांद्या ठिसूळ असतात, वजन पडलं की कडकन मोडतात. आजीचं हे वनस्पतिशास्त्र अगदी पक्कं आहे, बरं का!

घरात रांगतं बाळ असेल तर आणखी एक गोष्ट. आपला जुना लाकडी पांगुळगाडा बाळ उभं राहून ढकलतं. हल्ली मिळणाऱ्या चाकांच्या वॉकरमध्ये बाळ बसतं आणि क्षणात भुर्रकन जिन्यापाशी पोहोचतं. बाळं जिन्यावरून कोसळून डोक्याला मार बसतो, म्हणून कॅनडानं २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली.

उंच इमारतींचं काय? न्यूयॉर्क शहरात १९७० नंतरच्या काळात खिडक्यांतून पडणाऱ्या मुलांची संख्या फार होती, तेव्हा तिथल्या आरोग्य खात्यानं एक मोहीम काढली. नाव होतं, 'मुलांना उडता येत नाही'. कार्यकर्ते घरोघरी जाऊन समजावत आणि खिडक्यांना लावायला जाळ्या देत. १९७६ साली तर लहान मुलं असलेल्या घरांना जाळ्या बसवून देणं घरमालकांना सक्तीचंच झालं. आपल्या घरी निदान एवढं तर आजच करता येईल. खिडकीला लागून असलेला पलंग किंवा टेबल बाजूला सरकवा. छोट्यांची ती शिडीच असते.

आणि गोविंदा! सगळ्यांत वरच्या थरावर चढतो तो सगळ्यांत छोटा. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात राज्य सरकारनं सांगितलं, की १४ वर्षांखालील मुलांना थरांत चढू देणार नाही. आता 'बघणारे लाखो आणि डोकं एकट्याचं' हा हिशेब मंडळातल्या काकांना कोण समजावणार? तुमच्या आई-बाबांनी समजावला तर बरं.

लागलंच तर

एवढं करूनही कोणी पडलंच, तर? आपल्याकडे पडलेल्या मुलाला आधी बखोट धरून उभं करतात, मग पाणी पाजतात, आकडी आली तर कांदा नाही तर चप्पल हुंगवतात. यातलं काहीच करायचं नाही. जोरात लागलं असेल तर मुलाला हलवू नका, मानेलाही मार असू शकतो. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजलं तर ते श्वासनळीत जातं. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं धरा. मात्र हाड खचल्यासारखं वाटलं तर तिथं दाबू नका. आणि लगेच १०८ ला फोन लावा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका फुकट येते. ११२ लाही फोन करता येतो.

पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, बोलताना अडखळणं, असंबद्ध बोलणं, हातापायात जोर नसणं, आकडी, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, उठवूनही न उठणं. यांतलं एक जरी दिसलं, तरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा. ही लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. म्हणून मुलांनो, खेळताना डोकं आपटलं तर घरी सांगायचंच! आई रागावेल म्हणून लपवायचं नाही. आणि आयांनो, ज्या दिवशी डोकं आपटलं म्हणून पोर सांगेल, त्या दिवशी रागावणं कृपा करून पुढे ढकला.

रस्त्यावर अपघात झालेल्याला मदत केली तर पोलीस आपल्यालाच धरतील, अशी मोठ्यांना भीती असते. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली आणि २०१९ च्या कायद्यानंही मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे. नाव सांगायचीही सक्ती त्याच्यावर करता येत नाही. हे घरी मोठ्यानं वाचून दाखवा.

टाके सुटल्यावर

आता जे कोणी फारसं सांगत नाही, ते सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. आता तो मोठा झालाय, त्याला आवडायचं नाही. तिसरीत असताना कटलेल्या पतंगामागे धावताना तो पत्र्यावरून पडला. ऑपरेशन झालं आणि जूनमध्ये तो चौथीच्या वर्गात येऊन बसला. केस वाढून टाक्यांची खूण झाकली गेली होती. सगळे म्हणाले, झाला बरा!

पण जो पाढे घडाघडा म्हणायचा, तो सातच्या पाढ्यात अडकू लागला. "वही काढा, तारीख घाला, पान २० उघडा" असं एकदम सांगितलं, की नुसती वही काढून बसायचा. मधल्या सुट्टीनंतर त्याचे डोळे मिटायचे. गलका झाला की कानांवर हात ठेवून ओरडायचा. मुलं म्हणू लागली, "नाटकं करतो!" आणि एके दिवशी त्याचे वडील आले. म्हणाले, "बाई, याचं डोकं गेलं. शाळा पुरे, शेळ्या तरी राखील."

त्याचं डोकं कुठंही गेलेलं नव्हतं. मेंदूची जखम भरायला महिने, कधी वर्षंही लागतात. तोवर माणूस लवकर थकतो, विसरतो, चिडतो. पाय मोडलेल्याचं प्लॅस्टर दिसतं, म्हणून त्याला कोणी 'पळ' म्हणत नाही. मेंदूला प्लॅस्टर घालता येत नाही ना!

तालुक्याच्या गटसाधन केंद्रात दिव्यांग मुलांसाठी विशेष शिक्षक असतात. आमच्याकडचे विशेष शिक्षक शाळेत आले, त्याच्या घरीही गेले. त्यांनी सांगितलेले उपाय अगदी साधे होते. एका वेळी एकच सूचना. दाराच्या गलक्यापासून लांब, पुढची जागा. मधल्या सुट्टीनंतर १५ मिनिटं ऑफिसात पडायचं. डोक्याला पुन्हा मार बसू नये म्हणून कबड्डी आणि लंगडी बंद. शेजारी बसणारी मुलगी त्याच्या वहीत गृहपाठ लिहून देई. मागचा एक वांड मुलगा गलका झाला की स्वतःच हात वर करून सगळ्यांना गप्प करू लागला. (स्वतः मात्र गप्प बसत नसे!)

जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठी 'शीघ्र हस्तक्षेप केंद्र' असतं. शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येणारी डॉक्टरांची गाडी मुलांना तिकडंच पाठवते. बोलण्याचे, हातापायांचे, लक्ष देण्याचे व्यायाम तिथं शिकवतात. त्याच्या वडिलांची प्रत्येक फेरीला दिवसाची मजुरी बुडायची. शेवटी भाजीचा टेम्पो घेऊन जिल्ह्याला जाणाऱ्या शेजाऱ्यानं "मी नेतो-आणतो" म्हटलं, तेव्हा फेऱ्या सुरळीत झाल्या.

पालकांसाठी दोन गोष्टी इथंच लिहून ठेवते. मोठ्या ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसू शकतो. दवाखान्यातच 'आरोग्यमित्रा'ला विचारा. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजना आहे, तिची माहिती मुख्याध्यापकांकडे मिळते. कायमचं अपंगत्व राहिलं, तर जिल्हा रुग्णालयातून दाखला घ्या. पुढे परीक्षेत जास्त वेळ किंवा लेखनिक मिळवताना तो उपयोगी पडतो.

खेळाच्या तासाला त्याच्याकडे गुण मांडायचं काम दिलं. सुरुवातीला गुण चुकत, मग भांडणं. तेव्हा त्यानंच खडूनं चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारायची युक्ती काढली. शेळ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. आता तो सातवीत आहे. सातचा पाढा अजून अडतो, अजून अधूनमधून चिडतो. गेल्या संक्रांतीला तो मला दिसला, पतंग उडवताना. मैदानात होता, आणि चक्री धरायला तीच शेजारची मुलगी होती.