म्हातारपणाचा वांटा

जमिनीला आपण आई म्हणतों. परंतु साठी उलटलेल्या शेतकऱ्याला ती आई असून शिवाय पेन्शनही आहे. सरकारी नोकराला निवृत्तीनंतर दरमहा ठराविक रक्कम मिळते. शेतकऱ्याला मिळतें तें केवळ शेताचें उत्पन्न. म्हणून आपली जमीन कोणत्या वयांत, कोणाच्या हवालीं व कोणत्या अटीवर करावी, हा प्रश्न घरगुती वाटला तरी तो शेतकीचाच प्रश्न आहे. परतूर तालुक्यांतील सभासदांनीं त्याचा वेळींच विचार करावा, एवढ्यासाठींच हा लेख.

हा प्रश्न पूर्वीपेक्षां निकडीचा कां झाला, हें आंकड्यांवरून कळतें. १९५१ च्या सुमारास आपल्या देशांत सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतें. त्यांत बालमृत्यूंचा भाग मोठा होता, हें खरें; तरीही २०१६ ते २०२० या काळांत तें ७० वर्षांवर पोंचलें, ही वाढ लहान नव्हे. दुसऱ्या बाजूनें घरांतील मुलें कमी झालीं. महाराष्ट्रांत १९९२-९३ च्या पाहणींत एका स्त्रीमागें सरासरी सुमारें तीन अपत्यें होतीं. २०१९-२१ च्या पाहणींत तें प्रमाण १.७ वर आलें. माणसें अधिक जगतात व मुलें कमी होतात, तेव्हां वृद्धांचा वांटा वाढणारच. २०११ च्या खानेसुमारींत साठ व त्यावरील वयाचीं माणसें देशांत शेंकडा ८.६ व महाराष्ट्रांत ९.९ होतीं. सरकारी तज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणें महाराष्ट्रांतील हें प्रमाण २०२१ सालीं ११.७ झालें व २०३१ सालीं १५ होईल. म्हणजे सुमारें दर सात माणसांत एक वृद्ध. शहरांपेक्षां खेड्यांत हें प्रमाण अधिक आहे, कारण तरुण माणूस कामासाठीं बाहेर पडतो.

परतूरकडे पाहा. दुधनेच्या खोऱ्यांतील ही काळी जमीन कापूस, तूर व सोयाबीन देते. पण गांवांतून आगगाडी जाते, आणि शिकलेला मुलगा त्याच गाडीनें जालना, संभाजीनगर किंवा मुंबईची वाट धरतो. ज्याला तेंही साधत नाहीं तो ऊसतोडीस जातो. मागें राहतात आजी, आजोबा, नातवंडें व जनावरें. पेरणी मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. वापसा आला कीं दोनचार दिवसांतच तिफण फिरली पाहिजे, आणि सत्तरीच्या माणसाकडून औत धरवत नाहीं. मग सालगडी ठेवा, ट्रॅक्टर भाड्यानें सांगा किंवा जमीन बटईनें द्या. तिन्ही मार्गांनीं शेत पिकतें, पण उत्पन्नांतील मोठा भाग दुसऱ्याकडे जातो.

त्यांत जमीनही थोडी. महाराष्ट्रांत सरासरी धारणा १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ सालीं ती १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास राहिली. एवढ्या जमिनीचे दोन भाग केल्यावर आईबापांसाठीं तिसरा भाग काढण्याचें कोणाच्याही मनांत येत नाहीं. मग आई एका मुलाकडे व बाप दुसऱ्याकडे, किंवा दोघेही महिन्याच्या पाळीनें, अशी व्यवस्था होते. ज्या दोघांनीं चाळीस वर्षें एका चुलीवर काढलीं, त्यांची उतारवयांत अशी फाळणी होणें शोभादायक नाहीं.

मुलाचीही एक बाजू आहे, ती नाकारूं नये. तो पंचेचाळिशीला आला तरी सातबाऱ्यावर त्याचें नांव नसतें. नांव नाहीं म्हणून पीककर्ज नाहीं. विहीर खणावी किंवा ठिबक बसवावें, तर सही बापाची. ज्या जमिनीवर आपला हक्क नाहीं तींत कोण मन घालील? तेव्हां बापानें शेवटपर्यंत मुठी आवळून बसणें हेंही शेतीच्या हिताचें नाहीं.

या दोहोंतून मार्ग इतर देशांनीं काढलेला आहे. जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत शेतकरी आपलें शेत मुलास देतांना करारनामा करीत असे. राहण्यास अमुक खोली, वर्षास इतकें धान्य, इतकें सरपण, इतकें दूध, असें त्यांत तपशीलवार लिहिलेलें असे. त्या तरतुदीस त्यांच्या भाषेंत जें नांव आहे, त्याचा अर्थच 'म्हाताऱ्यांचा वांटा' असा होतो. जपानांत २०२० सालीं मुख्यतः शेतीच करणाऱ्यांचें सरासरी वय ६७.८ वर्षें होतें. तेथें १९७० सालींच कायदा करून, वारसाच्या हातीं शेती सोंपविणाऱ्या शेतकऱ्यास पेन्शन देण्याची योजना सुरू झाली. बापानें जमीन वेळेवर सोडावी, परंतु निराधार होऊं नये, हाच दोन्हींकडील हेतु.

आपल्याकडे जमीन देण्याचे रूढ मार्ग तीन: वांटणी, बक्षीसपत्र व मृत्युपत्र. सर्व हिस्सेदारांची संमती असल्यास तहसीलदार जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालीं वांटणी करून देतात. वडिलोपार्जित जमिनींत मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे, हें विसरूं नये. आणि आईबापांनीं आपला हिस्सा वेगळा राखावा. बक्षीसपत्राची नोंदणी सक्तीची आहे. तें एकदां पुरें झालें कीं मालकी गेली. मागाहून मन बदललें तरी एकट्या बापाला तें मोडतां येत नाहीं. मृत्युपत्र मात्र मरणानंतरच अंमलांत येतें व हयातींत कितीही वेळां बदलतां येतें. त्यास दोन साक्षीदार लागतात. नोंदणी ऐच्छिक आहे.

बक्षीसपत्र करणेंच असेल तर त्यांत एक वाक्य अवश्य घालावें: जमीन घेणारानें देणाराचें अन्नवस्त्र, निवारा व औषधपाणी आमरण पाहावें. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठीं २००७ सालीं जो कायदा झाला, त्याच्या कलम २३ प्रमाणें अशी अट मोडल्यास तें हस्तांतरण रद्द करून घेतां येतें. अट नसल्यास या कलमाचा आधार मिळत नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२२ मध्यें दिला. जानेवारी २०२५ मधील निकालांत त्याच न्यायालयानें हा कायदा वृद्धांच्या हिताकडे पाहून उदारपणें लावावा असें म्हटलें. पण तेथेंही आईनें मुलाच्या लेखी वचनाचा आधार घेतला होता. सारांश, तोंडी शब्दावर विसंबूं नये. निर्वाहाचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढें चालतो, त्यांची कचेरी परतुरांतच आहे, व त्यासाठीं वकील लागत नाहीं.

घरधनिणीचा विचार तर आधीं करावा. २०११ सालीं देशांतील वृद्धांत स्त्रिया ५.३ कोटी व पुरुष ५.१ कोटी होते. पति बहुधा वयानें मोठा असतो, त्यामुळें मागें राहते ती बहुधा पत्नीच. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून पत्नीच्या नांवें जमीन करण्यास शेतकऱ्यांस प्रवृत्त केलें, आणि १९९२ सालीं राज्य सरकारनेंही पतीच्या हयातींत तिचें नांव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. ज्यांनीं अजून तें केलें नाहीं त्यांनीं तलाठ्याकडे जाण्यास उशीर करूं नये.

तरुण सभासदांस एक सूचना. २०१९ सालीं सुरू झालेल्या किसान मानधन योजनेंत दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेला १८ ते ४० वर्षांचा शेतकरी वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरून साठीनंतर दरमहा ३००० रुपये मिळवूं शकतो. रक्कम मोठी नाहीं, परंतु चाळिशीनंतर हें दारही बंद होतें.

येत्या पाडव्याला सालगड्याचा करार ठरेल तेव्हां धान्य किती, कपडे किती, उचल किती, हें आपण बारकाईनें ठरवूं. त्याच बैठकींत मुलें, मुली व सुना यांस समोर बसवून, आपणां दोघांची खोली कोणती, वर्षाची ज्वारी व डाळ किती, दवाखान्याचा खर्च कोणाकडे, हेंही ठरवून कागदावर उतरावें. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. सालगड्याशीं करार केल्यानें त्याचा अपमान होत नाहीं. मुलाशीं केल्यानें मुलाचाही होऊं नये.