नावं बदलली, सांगाडा तोच

दुसऱ्याचा प्रोग्रॅम आपला म्हणून द्यायचा तर विद्यार्थी आधी व्हेरिएबलची नावं बदलतो. 'टोटल'चं 'सम' होतं, कॉमेंट्स उडतात, एखादं फंक्शन वरून खाली जातं. साठ मुलांची सबमिशन्स एका बैठकीत तपासणाऱ्या शिक्षकाला दोन फाइल वेगळ्या वाटतीलही. 'मॉस' फसत नाही. अॅलेक्स एकन यांनी 1994 मध्ये बर्कलीत घडवलेली ही प्रणाली मोकळ्या जागा गाळते, व्हेरिएबलच्या नावांकडे दुर्लक्ष करते आणि उरलेल्या कोडचे एकमेकांवर चढणारे छोटे तुकडे पाडते. प्रत्येक तुकड्याचा एक आकडा निघतो आणि शेजारच्या काही आकड्यांतला सर्वांत लहान तेवढा राखला जातो. हे त्या प्रोग्रॅमचे ठसे. फंक्शन हलवलं तरी आतले ठसे तेच राहतात. ठरावीक लांबीच्या पुढचं साम्य या निवडीतून निसटत नाही, हे एकन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2003 मध्ये सिद्ध केलं.

पण साम्य सापडलं म्हणजे चोरी ठरली असं नाही. दहा ओळींचा बबल सॉर्ट अर्धा वर्ग सारखाच लिहिणार. मॉस फक्त संशयित जोड्या समोर ठेवतं, त्या माणसानेच वाचायच्या असतात. टक्केवारी पाहून थेट शून्य देणं मला अन्यायाचं वाटतं.

हार्वर्डच्या 'सीएस50' या अभ्यासक्रमाने 2014 पासून एक वाट ठेवली आहे. नक्कल केल्यापासून 72 तासांत विद्यार्थ्याने स्वतः येऊन कबूल केलं, तर शिक्षा वर्गापुरती राहते. त्या कामाचे गुण जाऊ शकतात, पण प्रकरण सहसा शिस्तपालन समितीकडे जात नाही. तिथे चूक शोधायला मित्राला आपला कोड दाखवता येतो, त्याचं उत्तर मागता येत नाही. नक्कल बरेचदा सबमिशनच्या आदल्या रात्री, घाबरून होते. ती भीती ओसरल्यावर परत फिरायला जागा हवीच.

आपल्याकडे यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत साम्याच्या टक्क्यांनुसार शिक्षा आहेत, पण त्या प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी. असाइनमेंट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट त्यातून स्पष्टपणे वगळले आहेत. म्हणजे प्रॅक्टिकलचा नियम कॉलेजनेच करायचा. तो पहिल्याच प्रॅक्टिकलला लेखी मिळावा: काय विचारलेलं चालतं, काय उचललेलं चालत नाही, एआयची मदत कुठवर.

एआयकडून लिहून घेतलेल्या कोडला तर वर्गात जोडीदार सापडेलच असं नाही. तिथे व्हायवाच कामी येतो. 'हा लूप एकदा कमी फिरवला तर काय छापलं जाईल?' स्वतः कोड लिहिलेला मुलगा थोडा अडखळेल, पण कागदावर आकडे मांडून उत्तरापर्यंत पोहोचेल. प्रत्येकाच्या स्वतःच्या कोडवर असे दोन प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. ती प्रॅक्टिकलच्या वेळापत्रकातच धरायला हवीत. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात, जर्नलवर सह्यांची रांग लागलेली असताना ती मिळत नाहीत.